गॅरी किल्डॉल : चाळीस आणि दोनशे चाळीस

वसई-विरारकडील टंकलेखन वर्गांतून संगणक आले, तेव्हा नोकरीच्या आशेने डॉसच्या आज्ञा घोकणाऱ्या तरुणांना त्यांचा मूळ कर्ता कोण, हे कोणी सांगितले नाही. चकतीला एका अक्षराचे नाव, फायलीच्या नावाला तीन अक्षरांची शेपटी, यादी मागणारी ‘डीआयआर’ ही आज्ञा, हे सारे डॉसच्या आधी गॅरी किल्डॉल यांच्या ‘सीपी-एम’मध्ये होते. (राजकीय पक्षाशी नामसाम्य हा निव्वळ योगायोग.) त्यांनीही काही कल्पना डेक कंपनीच्या मोठ्या यंत्रांवरून उचलल्या होत्या, हेही नमूद केले पाहिजे.

किल्डॉल हे पेशाने प्राध्यापक. १९४२ साली सिॲटल येथे जन्म. घरची नौकानयनाची शाळा. मॉंटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात ते शिकवीत आणि इंटेल कंपनीला सल्ला देत. १९७४ मध्ये त्यांनी सीपी-एम लिहिली. तिचे खरे सामर्थ्य पुढे केलेल्या एका विभागणीत होते : यंत्रागणिक बदलणारा छोटा भाग त्यांनी वेगळा काढला. नव्या यंत्राच्या उत्पादकाने तेवढाच भाग लिहावा. बाकी प्रणाली आणि तिच्यावरचे कार्यक्रम जसेच्या तसे चालावेत. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांसाठी एकच बाजारपेठ निर्माण झाली ती यामुळे.

१९८० साली आयबीएमचे प्रतिनिधी त्यांच्या दारी आले. त्या सकाळी किल्डॉल स्वतःचे विमान घेऊन बाहेर गेले होते. पत्नी डोरोथी यांनी गुप्ततेच्या करारावर सही करण्यास नकार दिला. ते मौजेखातर उडत होते ही दंतकथा चवीने सांगितली जाते. वस्तुतः ते एका ग्राहकाकडे कामानिमित्त गेले होते. बोलणी फिसकटली. मायक्रोसॉफ्टने सिॲटलच्या एका छोट्या कंपनीकडून सीपी-एमच्या धर्तीवर बेतलेली प्रणाली घेऊन आयबीएमला पुरवली, आणि इतर उत्पादकांना ती विकण्याचा हक्क मात्र स्वतःकडे राखला. या व्यवहारातील खरी मेख हीच.

किल्डॉल यांनी दाव्याची भाषा केली. पण संगणक-कार्यक्रमांच्या स्वामित्वहक्काचा कायदा तेव्हा संदिग्ध होता. तडजोड झाली : आयबीएमने त्यांचीही प्रणाली विकावी. ती १९८२ मध्ये दुकानांत आली. डॉसची किंमत चाळीस डॉलर, सीपी-एमची दोनशे चाळीस! गुणवत्तेची तुलना करायला ग्राहक थांबणार कशाला? आणि डॉस घेणारे वाढले, तसे कार्यक्रम लिहिणारेही डॉसकडेच वळले. एकदा वळलेला बाजार सहसा परतत नाही.

किल्डॉल यांना दारिद्र्य आले नाही. दूरचित्रवाणीवर संगणकविषयक कार्यक्रमाचे सहसूत्रसंचालक म्हणून ते लोकांना नवी यंत्रे समजावून देत राहिले. १९९१ साली त्यांची कंपनी नोव्हेलने विकत घेतली. जुलै १९९४ मध्ये डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर मॉंटेरे येथे ते निवर्तले, तेव्हा त्यांचे वय ५२ होते.