नाण्यांचे पंडित : भगवानलाल इंद्रजी

माझ्या आजीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ असे. सोन्याची नव्हे, पितळेची; वरचा मुलामाही केव्हाच उडालेला. त्या पुतळ्यांवर काय कोरले आहे हे आमच्या घरात कोणी कधी पाहिले नाही. गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला सरांनी सांगितले की, दोन हजार वर्षांपूर्वी रोमन बादशहांची सोन्याची नाणी गलबतांतून आपल्या देशात येत, आणि येथील लोक त्यांना भोके पाडून किंवा कडी लावून ती गळ्यात घालीत. त्या दिवशी घरी गेल्यावर मी आजीची माळ प्रथमच नीट हातात घेऊन पाहिली. सरांनी त्याच तासाला पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे नाव घेतले होते. त्यांच्याविषयी मग मी मिळेल ते वाचून काढले.

पंडितजींचा जन्म ७ नोव्हेंबर १८३९ रोजी काठेवाडातील जुनागड येथे झाला. संस्कृत त्यांना घरीच मिळाले. इंग्रजी शाळा मात्र नाही. त्यांची खरी शाळा गावाबाहेर गिरनारच्या वाटेवर होती. तेथे एका प्रचंड शिळेवर सम्राट अशोक, महाक्षत्रप रुद्रदामा आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्त अशा तिघांचे लेख आहेत. जेम्स प्रिन्सेपने लावलेल्या ब्राह्मी अक्षरांचा तक्ता या मुलाच्या हाती पडला आणि तो त्या शिळेपाशी जाऊन अक्षर अन् अक्षर ताडून पाहू लागला. फोर्ब्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडून त्याची कीर्ती मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या कानी गेली. भाऊ दाजींनी त्याला मुंबईस बोलावून घेतले. तेव्हा वय विशीच्या थोडे पुढे, म्हणजे आपल्याहून फार मोठे नव्हे!

पुढची बारा-तेरा वर्षे ते भाऊ दाजींसाठी देशभर हिंडले. लेण्यांत चढावे, लेखांचे ठसे घ्यावेत, बाजारात सराफांच्या दुकानी जाऊन जुनी नाणी धुंडाळावीत, असा त्यांचा दिनक्रम. मथुरेचा प्रसिद्ध सिंहस्तंभशीर्ष त्यांनीच शोधून काढला. परंतु या श्रमांचे फळ बहुतांशी भाऊ दाजींच्या निबंधांतून प्रसिद्ध झाले. भाऊ दाजी थोर होते, उदार होते, आणि त्यांच्यावाचून पंडितजी घडले नसते हेही खरे. तरीही मला हे वाचताना थोडे टोचले. माझे वडील गवंडीकाम करतात. त्यांनी बांधलेल्या एकाही घरावर त्यांचे नाव नाही.

१८७४ साली भाऊ दाजी वारले आणि पंडितजी एकाकी पडले. पण त्यांचे स्वतःच्या नावाचे कार्य येथूनच सुरू झाले. ते गुजरातीत लिहीत आणि ब्यूलरसारखे विद्वान त्याचे इंग्रजी करीत. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील शिलालेखावरून प्राचीन अंक कसे वाचावेत हे त्यांनी दाखवून दिले. हा शोध दिसायला लहान वाटतो. पण अंक लागल्याशिवाय सन लागत नाही, आणि सन लागल्याशिवाय राजा कोणाच्या मागून आला हे कळत नाही.

याच विद्येचा उपयोग त्यांनी क्षत्रपांच्या नाण्यांवर केला. क्षत्रप म्हणजे मूळ अर्थाने प्रांताचा सुभेदार. परक्या साम्राज्याच्या सरहद्दीवर नेमलेले हे शक अधिकारी गुजरात-माळव्यात पुढे राजेच होऊन बसले. त्यांची चांदीची नाणी दोन-अडीच ग्रॅम वजनाची, करंगळीच्या नखाएवढी. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक-रोमन धर्तीची अक्षरे. पुढे पुढे ती इतकी बिघडली की नुसती नक्षी उरली. नहपानाच्या मुखवट्यावर तर रोमन नाण्यांची छाप अनेक अभ्यासकांना दिसते, आणि त्यात नवल नाही. त्या काळच्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासपुस्तकात भडोच बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी फायद्याने बदलून मिळत असे नमूद आहे. त्याच पुस्तकात नहपानाचा उल्लेख आहे आणि आपल्या चौलचाही!

नहपानानंतर आलेल्या चष्टनाच्या घराण्याने नाण्यांवर राजाचे आणि त्याच्या बापाचे, अशी दोन्ही नावे घातली. पुढे मुखवट्यामागे शक वर्षही येऊ लागले. पंडितजींनी अशी नाणी एकेक करून जमविली, भिंगाखाली धरून वाचली, बाप-लेक आणि भाऊ-भाऊ जुळविले. ज्यांच्याविषयी पोथ्यांत धड माहिती नव्हती अशा राजांची जवळजवळ तीनशे वर्षांची वंशावळ त्या चिमुकल्या चकत्यांतून उभी राहिली.

आपल्या जिल्ह्याशीही त्यांचा संबंध आहे, आणि हे आमच्या निडीत कोणालाच ठाऊक नव्हते. रोह्याहून तळ्याकडे गेले की मांदाडच्या खाडीजवळ कुड्याची लेणी लागतात. तेथील शिलालेखांचे वाचन बर्जेस आणि पंडितजी यांच्या १८८१ सालच्या पुस्तकात आहे. या वेळी मुखपृष्ठावर दोघांचीही नावे आहेत. कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने आणि एका माळ्यानेही तेथे दान दिल्याचे त्या लेखांवरून कळते. दिवाळीच्या सुट्टीत मी ती लेणी पाहून आलो. अक्षरे दिसली, वाचता अर्थातच आले नाही.

पुढच्याच वर्षी, १८८२ च्या एप्रिलमध्ये, नालासोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटात त्यांनी खणले. तो बौद्ध स्तूप निघाला. आत दगडी पेटी, तीत एकात एक बसविलेले करंडक, सोन्याची फुले आणि आठ बुद्धमूर्ती. त्यांतच यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते, तेही क्षत्रपांच्या धर्तीचे, मुखवट्याचे. वैऱ्याच्या नाण्याची नक्कल सातवाहनांनाही करावी लागली, कारण बाजाराला त्याचीच सवय झाली होती असे दिसते.

ज्यांना इंग्रजी शाळा लाभली नाही त्यांना हॉलंडमधील लायडेन विद्यापीठाने मानाची डॉक्टरेट दिली. १६ मार्च १८८८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. क्षत्रपांवरचा निबंध अपुरा होता. तो रॅप्सन यांनी सिद्ध करून १८९० मध्ये छापला. मृत्युपत्राप्रमाणे नाणी आणि सिंहशीर्ष लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेले. ती येथेच राहायला हवी होती असे मला वाटते. पण त्या काळी ती येथे कोणी जपली असती, याचेही उत्तर मला देता येत नाही. हस्तलिखिते मात्र मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आली.

नहपानाची नाणी पंडितजींच्या काळी फार दुर्मीळ. मोजकीच त्यांच्या पाहण्यात आली. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे त्याच नहपानाच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, त्यांतील नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने जिंकल्यावर मारलेला स्वतःचा ठसा. तेव्हा पंडितजींना जाऊन अठरा वर्षे झाली होती.