विमानसेवेआधीचा वैमानिक

विमान कंपन्यांची भरती मंदावली की प्रशिक्षण घेणाऱ्या तरुणांचे मन खचू लागते. अशा वेळी जे. आर. डी. टाटा यांच्या उमेदवारीचे दिवस आठवावेत.

२९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या जेआरडींना विमानाचे वेड बालपणीच लागले. मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांनी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला. याच क्लबने पुढे नाशिकशेजारच्या धुळ्यात प्रशिक्षण सुरू केले.

परवाना हाती आला, पण नियमित सेवा देणारी भारतीय विमान कंपनीच तेव्हा नव्हती. नेव्हिल व्हिन्सेंट यांच्यासह त्यांनी हवाई टपालाची योजना सरकारपुढे ठेवली. मात्र अनुदान मिळेना. अशी तीन वर्षे गेली. घरच्या श्रीमंतीमुळे पोटाची चिंता नव्हती हे खरे. पण प्रतीक्षा काही त्यांनाही चुकली नाही.

या काळात त्यांनी उड्डाण सोडले नाही. १९३० मध्ये आगाखान पारितोषिकासाठी ते भारतातून इंग्लंडकडे निघाले. वाटेत इजिप्तमध्ये अडकलेल्या अस्पी इंजिनिअर या प्रतिस्पर्ध्याला त्यांनी आपल्याजवळचा स्पार्क प्लग दिला. शर्यत अस्पींनी जिंकली.

अखेर अनुदानाविनाच करार झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जेआरडी जुहूला उतरले. १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी तेच उड्डाण पुन्हा केले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले.

संधी केव्हा येईल, हे त्यांच्या हाती नव्हते. हात सरावात ठेवणे मात्र होते.