काळ्या पाषाणाचा वाचक

चाकूर परिसरातील काळा पाषाण पाहणाऱ्यास तो अनादी व एकसंध वाटतो. वस्तुतः सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून वेळोवेळी उसळलेल्या लाव्हाचे थरांवर थर साचून दख्खनची ही भूमी घडली. त्या थरांचा शोध घेणाऱ्या आद्य अभ्यासकांत स्टीफन हिस्लॉप यांची गणना होते.

१८१७ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले हिस्लॉप १८४५ मध्ये धर्मोपदेशक म्हणून नागपुरास आले. अध्यापन आणि भ्रमंती करीत त्यांनी दगडांचा संग्रह केला. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह टाकळी येथे त्यांना लाव्हाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातील शिंपले व वनस्पतींची फळे-बीजे आढळली. तळाचा थर मागाहून खाली घुसला असावा, हे त्यांचे अनुमान टिकले नाही. पुरावा मात्र टिकला. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी भरत होती, रान वाढत होते, हे त्यातूनच पुढे सिद्ध झाले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला.

१९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीस घेतलेल्या छिद्रात ३३८ मीटर काळ्या खडकाखाली गाळाचा पातळ थर लागला. मराठवाड्याचे भूजल अशाच थरांच्या सांध्यांत व भेगांत दडलेले आहे. चाकूर तालुक्यातील प्रत्येक विंधन विहीर याच थरांतून खाली उतरते. तिच्या थरांची नोंद न ठेवणे म्हणजे हाती आलेला ग्रंथ न वाचताच मिटून ठेवणे होय; आणि त्याचे मोल अखेर तहानेच्या रूपानेच द्यावे लागते.