मॉडस्लेचा पांगुळगाडा

पोहरादेवी म्हटलं की सगळ्यांना सेवालाल महाराजांची समाधी आणि रामनवमीची यात्रा आठवते. आमच्या घरी मात्र यात्रा म्हणजे खरादावरचं काम. महिनाभर आधीपासून लाटणी, रव्या आणि भोवऱ्यांचा ढीग लागायचा. बाबा पटाशीला धार लावायचे ती ग्राइंडरसमोर उभं राहून, नुसत्या हातानं. कोन मोजणं वगैरे भानगड नाही. ठिणग्या कशा उडतात ते बघूनच त्यांना कळायचं. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. धारेवर एका उताराऐवजी तीन-चार पैलू पडू लागले, गोल पटाशी मध्येच अडकायची आणि चांगला भोवरा वाया जायचा.

मी तेव्हा थर्ड इयरला. जिग्ज अँड फिक्स्चर्सची फाइल मित्राची बघून उतरवलेली (सर, माफ करा). तीच फाइल दिवाळीच्या सुट्टीत उघडून नीट वाचली. भंगारातून दोन चौकोनी पाइप आणले, एकात एक सरकणारे. बाहेरचा पाइप ग्राइंडरच्या खाली फळीला पक्का केला. आतल्या पाइपच्या टोकाला लोखंडी अँगलचा तुकडा व्ही आकारात वेल्ड करून घेतला. पाइप हवा तिथे सरकवून बोल्टनं आवळायचा, पटाशीच्या मुठीचं बूड त्या व्हीमध्ये टेकवायचं आणि पातं चाकावर ठेवून नुसती मूठ फिरवायची. मुठीचं बूड जागचं हलत नाही, म्हणून कोनही बदलत नाही. कोन जुळला का हे बघायला पात्याच्या उतारावर मार्करची शाई फासायची. चाकाला हलकं टेकवल्यावर शाई सगळीकडून सारखी निघाली की झालं. एकूण खर्च वेल्डिंगवाल्याचा, आणि चहाचा.

बाबांनी ते बघितलं आणि तोंड फिरवलं. हाताला कुबडी कशाला, असा त्यांचा सूर. मला राग आला, पण काही बोललो नाही. हॉस्टेलवर परतल्यावर लायब्ररीत शोधायला लागलो, की हत्यार हातातून काढून लोखंडाच्या हातात पहिल्यांदा कोणी दिलं? तेव्हा हेन्री मॉडस्ले भेटला. लेथच्या व्हायवात आपण याचं नाव एका ओळीत सांगून मोकळे होतो.

मॉडस्लेचा जन्म १७७१ चा, लंडनजवळच्या वूलिचचा. वडील सैन्यात गाड्यांची चाकं बनवणारे. शाळा फारशी नाहीच. बाराव्या वर्षी पोरगा तिथल्या शस्त्रागारात काडतुसं भरायला लागला. मग सुतारशाळेत गेला आणि पंधराव्या वर्षी लोहारकामाला. लोखंडात त्याचा हात असा बसला, की अठराव्या वर्षी लंडनच्या जोसेफ ब्रामानं त्याला बोलावून घेतलं. ब्रामा कुलुपांसाठी प्रसिद्ध होता. मॉडस्लेनं रीतसर सात वर्षांची उमेदवारी केलेली नव्हती, त्यामुळे कारखान्यात त्याला घ्यावं की नाही हा प्रश्न होता. असं सांगतात, की तिथे एक झिजलेला बाकव्हाइस पडला होता. त्यानं त्याचे जबडे नवे बसवले, दाते पाडले, पाणी दिलं आणि त्याच संध्याकाळपर्यंत व्हाइस नव्यासारखा करून दाखवला. प्रश्न मिटला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा माणूस हातानं कमी नव्हता. कानसेनं सपाट पृष्ठभाग काढण्यात त्याची ख्याती होती. पण ब्रामाच्या कुलुपाला बारीक, एकसारखे भाग शेकड्यांनी लागायचे, आणि प्रत्येक कारागिराचा हात मॉडस्लेचा नसतो. त्या काळी लेथवर हत्यार हातातच धरायचं, अगदी आमच्या खरादासारखं. हत्यार पकडीत घट्ट बसवून स्क्रूनं पुढे-मागे सरकवायची कल्पना आधीची होती, तरी ती पूर्ण धातूची, दमदार आणि अचूक करून रोजच्या कामाला आणली ती मॉडस्लेनं. हीच आपली स्लाइड रेस्ट. लोकांनी तिची काय चेष्टा करावी? मॉडस्लेचा पांगुळगाडा! चालायला न येणाऱ्या पोरांचं साधन. हे वाचलं आणि बाबांची कुबडी आठवून मी रीडिंग रूममध्येच हसलो.

१७९७ साली त्यानं पगारवाढ मागितली. आठवड्याला तीस शिलिंग मिळायचे आणि घरी बायको-मुलं. ब्रामा नाही म्हणाला, तेव्हा यानं स्वतःचं दुकान काढलं. पुढे स्क्रू कापायचा लेथ केला. पण अचूक स्क्रू कापायला आधी अचूक लीड स्क्रू हवा, तो कुठून आणायचा? त्यानं लाकडाच्या किंवा मऊ धातूच्या गोल दांड्यावर ठरावीक कोनात तिरपं पातं टेकवलं. दांडा फिरला की पातं आपोआप पुढे सरकत मळसूत्र पाडायचं. म्हणजे इथेही मुळाशी एक जिगच, कोन पक्का धरणारा.

त्याचं मोठं काम पोर्ट्समथच्या गोदीतलं. एका मोठ्या युद्धनौकेला हजाराच्या आसपास लाकडी कप्प्या लागायच्या. मार्क ब्रुनेलनं यंत्रांची आखणी केली आणि ती मॉडस्लेनं बनवून दिली. १८०८ पर्यंत तिथे वर्षाला १,३०,००० कप्प्या निघू लागल्या. ११० कसबी माणसांचं काम १० साधी माणसं करू लागली. पुस्तकांत हा आकडा कौतुकानं छापतात. मी खराद्याच्या घरातला, मला त्या शंभरांचाच विचार आधी आला. बाबांची नाराजी तिथे थोडी कळली.

पुढे लॅम्बेथचा कारखाना, जहाजांची वाफेची इंजिनं, थेम्सखालच्या बोगद्याची ढाल. बाकावर एक मायक्रोमीटर ठेवलेला, इंचाचा दहाहजारावा भाग दाखवणारा. त्याचा निकाल अखेरचा, म्हणून त्याचं नाव लॉर्ड चान्सलर. वर्कशॉपमध्ये सपाट प्लेटा ठेवलेल्या, काम त्यांवर लावून बघायचं. व्हिटवर्थ, नॅस्मिथ, रॉबर्ट्स, क्लेमेंट हे सगळे याच्या हाताखालून गेलेले. व्हिटवर्थचे आटे आपण टेबलातून पाठ करतो, पण आपल्या कारखान्यापुरते का होईना, आटे एकसारखे करण्याचा हट्ट गुरूनंच आधी धरला होता. १८३१ च्या सुरुवातीला फ्रान्सहून परतताना खाडीवर त्याला थंडी बाधली, आणि १४ फेब्रुवारीला तो गेला. वूलिचला त्याचं स्मारक उभारलं गेलं, ओतीव लोखंडाचं. आराखडा त्याचाच.

या रामनवमीला घरी गेलो. मॉडस्लेची सगळी गोष्ट बाबांना सांगितली, पोर्ट्समथच्या त्या शंभर माणसांसकट. त्यांनी ऐकून घेतली आणि कामाला लागले. नंतर झाडताना माझं लक्ष जिगकडे गेलं. आतल्या पाइपवर खिळ्यानं चार रेघा ओढलेल्या होत्या, प्रत्येक पटाशीची वेगळी. तिरप्या पटाशीची रेघ तेवढी नव्हती. ती ते अजून हातानंच लावतात.