आज्ञेबाहेरचे विणकाम

१९५० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील एका महिला मासिकाकडे विस्कॉन्सिन राज्यातील एका गृहिणीने स्वेटरचा नमुना पाठवला. खालच्या काठापासून गळ्यापर्यंत नळीसारखा गोल विणत नेलेला, छाती-पाठीला कोठेही शिवण नसलेला आणि खांद्यांभोवती रंगीत नक्षीची कडी असलेला असा तो स्वेटर होता. नमुना पसंत पडला आणि छापूनही आला, पण त्याची कृती बदललेली होती. संपादकांनी ती वाचकांच्या सवयीच्या, सपाट तुकड्यांच्या भाषेत उतरवली होती. पाठ वेगळी विणायची, पुढचा भाग वेगळा, बाह्या वेगळ्या आणि शेवटी सारे शिवून जोडायचे. ज्या गोष्टीसाठी तो नमुना रचला होता, नेमकी तीच वगळली गेली होती. त्या गृहिणीने वाद घातला नाही. १९५८ मध्ये तिने स्वतःचे पत्रक काढले आणि आपले नमुने आपल्याच शब्दांत विणणाऱ्यांपर्यंत पोहोचवण्यास सुरुवात केली. एलिझाबेथ झिमरमन हे तिचे नाव. विसाव्या शतकातील हातविणकामाचा इतिहास या नावाशिवाय पुरा होत नाही.

एलिझाबेथ यांचा जन्म ९ ऑगस्ट १९१० रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील ब्रिटिश नौदलात अधिकारी होते. मुलींना विणकाम यायलाच हवे, असे मानणारा तो काळ. लहानपणीच त्यांच्या हाती सुया आल्या. इंग्रजी पद्धतीत लोकरीचा धागा उजव्या हातात धरून सुईभोवती फिरवतात. एलिझाबेथ यांनी मात्र पुढे युरोपच्या मुख्य भूमीवरील पद्धत आपलीशी केली. त्या पद्धतीत धागा डाव्या हाताच्या बोटावर ताणलेला असतो आणि सुईचे टोक तो नुसता उचलून घेते. हाताची हालचाल कमी होते, वेग वाढतो. कलेचे शिक्षण त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये आणि नंतर जर्मनीत म्युनिक येथे घेतले. तेथेच त्यांची गाठ मद्यनिर्मितीचे तंत्र जाणणाऱ्या आर्नोल्ड झिमरमन यांच्याशी पडली.

जर्मनीत तेव्हा हिटलरची सत्ता होती. हिटलरविषयी काढलेला एक प्रतिकूल उद्गार आर्नोल्ड यांना भोवला आणि देश सोडणे भाग पडले. १९३७ मध्ये इंग्लंडमध्ये विवाह करून हे जोडपे अमेरिकेला निघून गेले. काही वर्षे गावे बदलण्यात गेली. त्यांना तीन अपत्ये झाली. अखेर विस्कॉन्सिनमध्ये हे कुटुंब स्थिरावले आणि पिट्सव्हिलजवळची एक बंद पडलेली, एका खोलीची जुनी शाळा त्यांनी राहण्यासाठी घेतली. या शाळेवरूनच १९५९ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या प्रकाशन व टपालविक्रीच्या व्यवसायाला स्कूलहाऊस प्रेस हे नाव पडले. लोकर, गोल सुया, पत्रके आणि पुढे पुस्तके असा सारा कारभार घरातूनच चाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत डाव्या हातात धागा धरण्याची पद्धत केवळ जर्मन म्हणून नकोशी झाली होती. विणकामाच्या पुस्तकांतून ती जवळपास दिसेनाशी झाली. नाझी राजवटीतून बाहेर पडलेल्या जर्मन माणसाच्या इंग्रज पत्नीने ती अमेरिकेत पुन्हा रुजवावी, यात इतिहासाचा थोडा खोडकरपणा आहेच.

गोल विणण्याचा त्यांचा आग्रह हा लहरीचा भाग नव्हता. सपाट विणताना दर दुसरी ओळ उलट बाजूने, उलट टाक्यांनी घालावी लागते. एकरंगी स्वेटरला ते चालून जाते. दोन रंगांचे धागे एकाच ओळीत खेळवायचे असतील, तर उलट बाजूने नक्षी धड दिसत नाही आणि चूक चार ओळी वर गेल्यावर कळते. गोल सुईवर मात्र कापडाची सुलट बाजू सदैव डोळ्यांसमोर राहते आणि प्रत्येक टाका सुलटच पडतो. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील बेटांवर आणि नॉर्वेत रंगीत स्वेटर पिढ्यान्‌पिढ्या असेच विणले जात. पुढून उघडणारे जाकीट हवे असेल तरीही त्या आधी अखंड नळीच विणत. मग मधोमध शिवणयंत्राने दोन्ही बाजूंना टीप घालून त्या टिपांच्या मधून सरळ कात्री चालवत. महिनाभर खपून विणलेल्या वस्त्रावर कात्री धरायची, या कल्पनेनेच कोणाचाही हात थरथरावा. परंतु पकडून ठेवणारी लोकर आणि पक्की टीप असेल तर टाके सुटत नाहीत.

त्यांची सर्वांत मोठी देणगी अंकगणिताची आहे. तयार नमुना म्हणजे अमुक टाके घाला, तमुक ओळी विणा, असा हुकूमनामा असे. लोकर जाड निघाली किंवा अंग वेगळे असले की सारे फसायचे. आपल्याकडेही मासिकातील कृती बरहुकूम विणून बाळाचा स्वेटर त्याच्या काकाला बसेल एवढा झाल्याच्या कथा घरोघरी ऐकू येतात. एलिझाबेथ यांनी सांगितले, की आधी आपल्या लोकरीने एक छोटा तुकडा विणून इंचाला किती टाके बसतात ते मोजावे. इंचाला ५ टाके आणि छातीचा घेर ४० इंच, तर २०० टाके. हा आकडा म्हणजे शंभर टक्के. मनगटाशी बाहीला त्याचे सुमारे २० टक्के, म्हणजे ४० टाके. दंडाशी साधारण ३३ टक्के, म्हणजे ६६. काखेसाठी ८ टक्के, म्हणजे १६. बाह्या आणि अंग काखेशी एका सुईवर आले, की खांद्यांवरच्या भागात तीन वेढ्यांमध्ये टाके घटवायचे. पहिल्यांदा चारांचे तीन, मग दोनदा तिनांचे दोन. हे वेढे नक्षीच्या दोन पट्ट्यांमधल्या एकरंगी जागेत घेतले, की नक्षी मोडत नाही. नक्षी कोणती आणि रंग कोणते, हे विणणारीने चौकटीच्या कागदावर स्वतः ठरवायचे. एका हिशेबातून असे हवे तितके स्वेटर निघू शकतात आणि त्यांतला एकही दुसऱ्यासारखा नसतो.

सांगण्यासारखे आणखी पुष्कळ आहे. आयरिश धर्तीच्या, पिळाच्या नक्षीच्या स्वेटरची अमेरिकेत छापली गेलेली पहिली कृती त्यांचीच मानली जाते. घेर दुप्पट झाला की टाके दुप्पट, एवढ्या एका सूत्रावर त्यांनी गोल शाल रचली. १९६० च्या दशकात त्यांनी सार्वजनिक दूरचित्रवाणीवरून विणकाम शिकवले. १९७१ मध्ये आलेले ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे त्यांचे पुस्तक आजही विणणाऱ्यांच्या हाताशी असते. पतीच्या मोटरसायकलवर मागे बसून त्यांच्या सुया चालत.

जाकिटांविषयी मात्र थोडे थांबून सांगायला हवे. दोन्ही बाजूंनी केवळ सुलट टाके घातले की जे खडबडीत, जाडसर कापड तयार होते, त्यात दोन ओळींची उंची एका टाक्याच्या रुंदीएवढी भरते. म्हणजेच कापड चौकटीच्या कागदासारखे वागते. स्वीडिश लोककथांतील, घरादारावर पहारा करणाऱ्या बुटक्याचे नाव दिलेले त्यांचे टोपीवाले जाकीट याच गुणावर उभे आहे. त्याच्या बाह्या खांद्याकडून मनगटाकडे विणल्या जातात. त्यामुळे मूल वाढले की काठ उसवून पुढे चार बोटे आणखी विणता येते.

१९६८ मध्ये त्यांनी तान्ह्या बाळासाठी रचलेले जाकीट तर या कामाचा कळस ठरले. सुईवर १६० टाके घ्यायचे, दोन ठरावीक जागी ते घटवत जायचे आणि मग त्याच जागी वाढवायचे. हाती येते ते विचित्र, वेडेवाकडे, कशाचेच नसावे असे कापड. विणणारी हमखास गोंधळते. दोन घड्या घातल्या, की त्यातून पाठ, दोन्ही पुढे आणि बाह्या एकदम उलगडतात. शिवायचे ते फक्त खांद्यांवर आणि बाह्यांच्या वरच्या कडेने. उरलेल्या लोकरीच्या पट्ट्या घातल्या तर घटवण्या-वाढवण्याच्या जागी त्या काटकोनात वळतात आणि जाकिटाला आपोआप नक्षी चढते. लोकर आणि सुया जाड घेतल्या, तर तेवढ्याच टाक्यांत मोठ्या मुलाचे जाकीट होते. विणणाऱ्यांसाठी २००७ मध्ये सुरू झालेल्या रॅव्हलरी या संकेतस्थळावर अशी हजारो जाकिटे नोंदवली गेली.

एवढे करूनही शोधाचे श्रेय घेण्यास त्या तयार नसत. शतकानुशतके माणसे विणत आली आहेत, तेव्हा आपल्याला सुचलेले पूर्वी कोणाला तरी सुचले असणारच, अशी त्यांची धारणा होती. अशा पुन्हा सापडलेल्या युक्त्यांसाठी त्यांनी इंग्रजीत एक नवा शब्दच घडवला. ही नम्रता खरी होती. मात्र मतांच्या बाबतीत त्या मवाळ मुळीच नव्हत्या. कृत्रिम धाग्यांपेक्षा लोकर आणि शिवणीपेक्षा गोल सुई, हे त्या ठामपणे सांगत. या आग्रहापायी कधी सपाट विणकामावर अन्याय होतो, असेही वाटते. जड कोटाला आकार धरून ठेवण्यासाठी शिवणीचा आधार लागतोच.

१९७४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या विस्तार विभागाच्या निमंत्रणावरून त्यांनी आठवडाभराचे पहिले विणकाम शिबिर घेतले. पुढे शिबिरे आणि प्रकाशनाचे काम कन्या मेग स्वॉन्सन यांनी सांभाळले. ३० नोव्हेंबर १९९९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी एलिझाबेथ यांचे विस्कॉन्सिनमध्ये निधन झाले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांच्यावर मृत्युलेख छापला, विणकाम शिकवणाऱ्या बाईसाठी ही दुर्मीळच गोष्ट. त्यांची जुनी पत्रके २००५ मध्ये एकत्र करून पुस्तकरूपात प्रसिद्ध झाली. त्यातील पहिले पत्रक खांद्यांभोवती रंगीत कडी असलेल्या स्वेटरचे आहे आणि तो सांगितला आहे तो गोलच विणायला.