विश्रांती मिळाली नाही, गुडघाही दुखावला. तरी खाशाबा खचले नाहीत

कराड : तालुक्यातील गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव (जन्म १५ जानेवारी १९२६) लाल मातीत घडले. मॅटची सवय नसताना १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्यांनी सहावा नंबर काढला. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी तर घर गहाण ठेवलं.

तिथं जपानच्या इशीबरोबरच्या लांबलेल्या कुस्तीत खाशाबांची पार दमछाक झाली. नियमाने मधे अर्धा तास विश्रांती हवी होती. पण लगेच सोव्हिएत रशियाच्या मल्लासमोर उभं केलं. बाजू मांडायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता. थकलेल्या अंगाने ते हरले, तरी ब्राँझ घेऊनच आले. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. स्वागताला १५१ बैलगाड्या निघाल्या. पुढं कुस्त्या लावून त्यांनी देणं फेडलं.

गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ चं मेलबर्न हुकलं. तोवर ते पोलीस खात्यात फौजदार झाले होते. ते रडत बसले नाहीत. खात्यातल्या पोरांना खेळ शिकवला. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ते अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर.

तालमीतल्या पोरांनी एवढं ध्यानात ठेवावं : मेहनतीएवढीच विश्रांतीही पैलवानाचा खुराक आहे.