महर्षी धोंडो केशव कर्वे

मुलांनो, खूप लांबून परीक्षेला गेल्यावर कोणी तुम्हांला दारातूनच परत पाठवले, तर तुम्हांला काय वाटेल? धोंडो केशव कर्वे यांच्यावर असा प्रसंग आला होता.

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे झाला. त्यांचे बालपण कोकणातल्या मुरूड गावी गेले. घरची गरिबी होती. पण शिकण्याची ओढ फार होती. १८७५ साली एका सरकारी परीक्षेसाठी त्यांना साताऱ्याला जायचे होते. तेव्हा मोटारी नव्हत्या. पावसाचे दिवस, वाटेत सह्याद्रीचे डोंगर! तरीही ते सोबत्यांबरोबर शंभर मैलांहून अधिक वाट पायी चालून गेले. ते सतरा वर्षांचे होते. पण दिसायला लहान होते. परीक्षकांना त्यांचे वय खरे वाटले नाही. त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. केवढी ही निराशा! पण त्यांनी शिक्षण सोडले नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरला ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले.

मुंबईत पदवी घेऊन १८९१ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांची पत्नी राधाबाई वारल्या. त्या काळी पत्नी वारली, तर पुरुष पुन्हा लग्न करी; पण त्यांच्या समाजात विधवेला तशी मोकळीक नव्हती. कर्वे यांना हा अन्याय वाटला. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांच्या आईलाही त्याचा त्रास झाला. कर्वे यांनी तो मुकाट्याने सोसला.

विधवांना शिक्षण मिळाले, तरच त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहतील, हे त्यांनी ओळखले. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो पुण्याजवळ हिंगणे येथे एका झोपडीत गेला. कॉलेजचे काम संपले, की कर्वे चिखल तुडवत पायी तेथे जात आणि मुलींना शिकवत. १९१६ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापन केले. आज ते एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठ म्हणून ओळखले जाते.

१९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, साताऱ्याहून निराश होऊन परतलेल्या या मुलाने पुढे हजारो मुलींसाठी शिक्षणाचे दार उघडले. तुम्हांला कधी अपयश आले, तर त्यांची ती पायवाट आठवा.